आडोशाला उभी जुनी फोक्सवॅगन: बीटल घ्यावी की कारमान गिया?

रस्त्याने जाताना एखाद्या कुंपणापलीकडे गवतात अर्धी बुडालेली, चारही टायर बसलेले आणि अंगावर फाटकी ताडपत्री, अशी जुनी गाडी दिसली की हौशी माणसाचे पाय थबकतात. ताडपत्रीखालून मागचा गोलाकार उतार डोकावत असेल, इंजिनाच्या झाकणावर हवेसाठी कापलेल्या चिरा दिसत असतील आणि पुढे रेडिएटरची मोठी जाळी नसेल, तर ती मागे इंजिन असलेली जुनी फोक्सवॅगन असण्याची शक्यता बरीच आहे. मग ती बीटल की कारमान गिया, हे आधी नक्की करावे लागते. हा केवळ नावाचा प्रश्न नाही. या दोन गाड्यांचे इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन जवळपास एकच असले, तरी वीस-तीस वर्षे पडून राहिलेली बीटल विकत घेणे आणि तितकीच पडून राहिलेली गिया विकत घेणे हे दोन अगदी वेगळे व्यवहार आहेत, आणि हा फरक जवळजवळ पूर्णपणे पत्र्यात आहे.

ओळख पटवण्यात गिया सोपी आहे. ती बुटकी, दोन दारांची, लांबट नाकाची कूपे (पक्क्या, मागे उतरत्या छताची) किंवा कन्व्हर्टिबल (छत उघडता येणारी) असते आणि तिच्या नाकावर दोन्ही बाजूंना मिशांसारख्या दोन लहान जाळ्या असतात. इटलीतील गिया या संस्थेने आखलेली आणि जर्मनीतील ओस्नाब्रुक येथे कारमान कंपनीने बांधलेली ही गाडी 1955 ते 1974 या काळात बनत होती. ऑगस्ट 1959 पूर्वीच्या गाड्यांचे हेडलाइट नंतरच्या गाड्यांपेक्षा खाली बसवलेले असतात आणि अशा गाड्यांना संग्राहकांकडून अधिक मागणी असते. 1961 ते 1969 दरम्यान टाइप 34 नावाची धारदार कडांची दुसरी कारमान गियाही निघाली. ती दिसली तर हा लेख बाजूला ठेवावा, कारण तिच्या सुट्या भागांचे गणितच निराळे आहे.

बीटलचे वय मागच्या काचेवरून कळते. मध्ये दांडी असलेली दुभागलेली काच मार्च 1953 पर्यंत होती, अंडाकृती काच 1957 च्या उन्हाळ्यापर्यंत होती आणि त्यानंतर आयताकृती काच आली, जी पुढे मोठी होत गेली. ऑगस्ट 1967 पासून हेडलाइट तिरके न राहता उभे झाले आणि बंपर सरळ, जाड पट्टीचा झाला. दुभागलेल्या किंवा अंडाकृती काचेची बीटल दिसली, तर चेहऱ्यावर काही न दाखवता पुढचे बोलणे करावे. बाकीच्या बीटल गाड्या दुर्मीळ नाहीत, कारण 2003 मध्ये मेक्सिकोतील पुएब्ला येथे उत्पादन थांबेपर्यंत या गाडीच्या 2 कोटी 15 लाखांहून अधिक प्रती बनल्या होत्या, तर जर्मनीत बनलेली कारमान गिया सर्व प्रकारच्या कूपे आणि कन्व्हर्टिबल मिळूनही पाच लाखांपर्यंत पोहोचली नाही.

पक्की खात्री मात्र क्रमांकावरूनच करावी. दोन्ही गाड्यांत चॅसीचा (गाडीच्या खालच्या सांगाड्याचा) क्रमांक मागच्या आसनाखाली, मधल्या बोगद्यावर ठोकलेला असतो, आणि तोच क्रमांक पुढच्या सामानकप्प्यातील पट्टीवरही असतो. ऑगस्ट 1964 नंतर जर्मनीत बनलेल्या गाड्यांत पहिले दोन आकडे प्रकार सांगतात, म्हणजे बीटलला 11, कन्व्हर्टिबल बीटलला 15 आणि गियाला 14, तर तिसरा आकडा मॉडेल-वर्षाचा शेवटचा आकडा असतो (हे वर्ष आदल्या ऑगस्टपासून सुरू होते). त्यामुळे 146 ने सुरू होणारा क्रमांक ऑगस्ट 1965 ते जुलै 1966 या काळात बनलेल्या गियाचा ठरतो. आसन उचलून, तारेच्या ब्रशने धूळ व गंज झाडून, टॉर्च आडवी धरून आकडे वाचावेत, कारण समोरून पडणाऱ्या प्रकाशात उथळ आकडे दिसत नाहीत. बोगद्यावरचा आकडा, पट्टीवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा हे तिन्ही जुळले नाहीत, तर त्याचा उलगडा होईपर्यंत पैशाचा विषय काढू नये. वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवॅगनच्या ऑटोम्युझियमकडून चॅसी क्रमांकाच्या आधारे गाडीचा जन्मदाखला मागवता येतो आणि त्यातून मूळ रंग व उत्पादनाची तारीख कळते.

इंजिनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण निर्णय घेताना त्याला कमीत कमी महत्त्व द्यावे असे माझे मत आहे. दोन्हींत मागे बसवलेले, हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे आडवे इंजिन असते. ते जाम झालेले असले तरी घाबरू नये आणि विकणाऱ्याने कितीही आग्रह केला तरी बॅटरी लावून स्टार्टर फिरवू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरील, म्हणजे क्रँकशाफ्टवरील चाकाच्या) 30 मिलिमीटरच्या बोल्टवर पाना लावून हाताने हलवून पाहावे. पुली फिरली, तर तीच दोन्ही हातांनी पुढेमागे ओढून पाहावी. क्रँकशाफ्टचा असा लांबीच्या दिशेचा खेळ 0.15 मिलिमीटरपर्यंतच चालतो, आणि तो हाताला स्पष्ट जाणवत असेल किंवा ठक्ठक् असा आवाज येत असेल, तर क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे मुख्य कवच, उघडावी लागणार असे समजावे. असे झाले तरी हे इंजिन चार बोल्टवर गिअरबॉक्सला जोडलेले असते, ते जॅकवर उतरवता येते आणि त्याचे भाग जगभर मिळतात. ब्रेकची नळी, सिलिंडर आणि पेट्रोलचे होस तर न तपासता बदलायचेच आहेत. हा सगळा खर्च दोन्ही गाड्यांना सारखाच लागू होतो, म्हणून तुलनेत तो वजा होतो.

आता पत्र्याकडे वळू. दोन्हींत मधला बोगदा आणि त्याच्या दोन बाजूंना जोडलेले फरशीचे पत्रे असे सपाट बैठकीचे चॅसी असते व त्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते. बीटलची बॅटरी मागच्या आसनाखाली असते आणि तिच्यातून झिरपलेल्या आम्लाने त्या बाजूची फरशी जवळपास नेहमीच खाल्लेली असते. पायाखाली सरळ जमीन दिसणारी बीटल मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे आणि दर वेळी मालक मला धीर देत होता, जेव्हा धीराची गरज त्याला होती. कारण बीटलच्या फरशीचे तयार पत्रे सहज मिळतात आणि ते जोडणे हे चांगल्या वेल्डरच्या नेहमीच्या कामांपैकी आहे. गियाची फरशी याच पद्धतीची असली तरी रुंद असते, त्यामुळे बीटलचे पत्रे तिला जसेच्या तसे लागत नाहीत. तिची बॅटरी इंजिनकप्प्यात असते आणि तिथला ट्रे गळून पडतो, पण तिची खरी दुखणी इतरत्र असतात.

बीटलचे चारही मडगार्ड आणि पायरीपट्ट्या बोल्टने बसवलेल्या असतात. एक मडगार्ड चेपला किंवा कुजला, तर बोल्ट कापून तो उतरवावा आणि दुसरा लावावा, एवढेच काम असते. गियाची बॉडी तशी नाही. तिचे पत्रे कडेला कडा लावून वेल्ड केलेले, हाताने घडवलेले आणि सांध्यांवर कथिल-शिशाच्या भरणाने घासून एकजीव केलेले असतात. दाराच्या पुढे नाकापर्यंत कुठेही सांधा दिसत नाही आणि तिचे सौंदर्य त्यातच आहे. पण म्हणूनच एका कोपऱ्याला धक्का बसला की मडगार्ड बदलण्याचा पर्याय उरत नाही, पत्रा कापून, घडवून, पुन्हा जोडून, पुन्हा घासूनच काम करावे लागते, आणि ते करू शकणारा कारागीर प्रत्येक गॅरेजमध्ये नसतो.

म्हणून गियाच्या नाकाची तपासणी सर्वात आधी करावी. पुढे निमुळते आणि नाजूक असल्याने ते पार्किंग करतानाच्या साध्या धक्क्यातही बसते, आणि बहुतेक जुन्या गियांच्या नाकात कधी ना कधी पुट्टी भरलेली असते. इथे चुंबकाची नेहमीची युक्ती फसवू शकते, कारण कारखान्यात भरलेल्या कथिल-शिशावरही चुंबक पकड घेत नाही. चुंबक कारखान्यातील सांध्याच्या रेषेवर निसटला तर ते मूळ काम असू शकते, पण नाकाच्या भर मध्यावर निसटला तर खाली काय आहे हे विचारायलाच हवे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे जमिनीवर आडवे होऊन, बंपरच्या मागून हात घालून नाकाचा आतला पृष्ठभाग चाचपणे. बाहेरून गुळगुळीत दिसणाऱ्या नाकाच्या आत बोटांना हातोडीचे ठोके, सुरकुत्या किंवा खेचण्यासाठी पाडलेल्या भोकांची रांग लागली, तर गाडीने आपला इतिहास सांगितला असे समजावे.

दारांखालच्या पोकळ पट्ट्यांना दोन्ही गाड्यांत महत्त्व आहे, कारण इंजिनाकडून येणारी गरम हवा त्यांतूनच पुढे जाते आणि बॉडीचा ताठपणाही त्यांवरच अवलंबून असतो. दार उघडून मागच्या कडेला धरून वर उचलावे. बिजागरीच ढिली असेल तर ती दुरुस्त होते, पण बिजागरी घट्ट असून बंद दाराची फट वर आणि खाली सारख्या रुंदीची दिसत नसेल, तर पट्टी आतून गेली आहे. बीटलची ही पट्टी स्वतंत्र भाग म्हणून मिळते. गियात ती अनेक थरांची असते, आणि कन्व्हर्टिबल गियात छताचा आधार नसल्याने ती कुजली की बॉडी अक्षरशः मध्यावर वाकते. पेट्रोलटाकीच्या खाली, जिथे पुढचा आडवा बीम चॅसीला जोडलेला असतो, तो भाग दोन्हींत स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावा. तिथे टोक आत गेले तर केवळ खर्च नव्हे, सुरक्षिततेचाही प्रश्न उभा राहतो.

किंमत ठरवताना मालकाच्या आठवणींवरून किंवा पत्र्याच्या वजनावरून हिशेब करू नये. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, चालत्या आणि प्रामाणिक अवस्थेतील गाडीला काय पडते ते आधी शोधावे, त्यातून दुरुस्तीचा अंदाज वजा करावा आणि तो अंदाज चुकणारच म्हणून आणखी थोडे वजा करावे. बीटलच्या बाबतीत हे गणित बऱ्याचदा रोखठोक सांगते की कष्ट वाचवून चालती बीटलच घ्यावी. पडलेली बीटल घेण्याला दोनच कारणे पटतात, एक म्हणजे ती फार जुनी असणे आणि दुसरे म्हणजे काम स्वतःच्या हाताने करण्याची हौस असणे. गिया पूर्ण झाल्यावर जास्त किमतीची ठरते खरी, पण ती वाढीव किंमत पत्र्याचे काम बाहेरून करवून घेताना सहज संपते. धडक न बसलेल्या नाकाची, कोरडी, पण इंजिन जाम झालेली गिया मिळाली तर ती दोन्ही गाड्यांतला उत्तम सौदा आहे, कारण विकणारा इंजिनाचे कारण सांगून किंमत उतरवतो आणि घेणाऱ्याला तेच सर्वात स्वस्तात दुरुस्त होते. उलट ताज्या रंगाची, चालू इंजिनाची आणि नाकात पुट्टी असलेली गिया मी घेणार नाही.

हे सगळे ठरते ते मालक भेटला तर. कुंपण ओलांडून गाडीपाशी जाऊ नये आणि काचेवर फक्त “विकायची आहे का?” अशी चिठ्ठी अडकवू नये, कारण अशा चिठ्ठ्या त्याने पूर्वीही पाहिलेल्या असतात. दार वाजवावे, गाडीबद्दल विचारावे, ती कोणी घेतली, कधी उभी राहिली, का उभी राहिली हे ऐकावे. “मीच एक दिवस नीट करणार आहे” हे उत्तर बहुधा मिळते आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो. आपले नाव, क्रमांक आणि एक सभ्य पत्र ठेवून यावे आणि काही महिन्यांनी पुन्हा जावे. जागेचा मालक आणि गाडीचा मालक एकच आहे ना, गाडी मृत नातेवाइकाच्या नावावर तर नाही ना आणि तसे असेल तर सर्व वारसांची सही मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारावे, कारण कागद नसलेली बीटल निदान सुट्या भागांसाठी उपयोगी पडते, पण कागद नसलेल्या गियावर वर्षभर पत्र्याचे काम करून ती रस्त्यावर आणता न येणे हा फार महाग अनुभव ठरतो.

व्यवहार ठरला की गाडी न्यायच्या दिवशी ट्रेलरसोबत दोन रिकामी खोकीही न्यावीत. चाके जाम असतील तर गाडी फरफटत ओढू नये, आधी ब्रेक सोडवावेत. गाडी निघाल्यावर ती उभी होती ती जागा, शेजारचा खण आणि माळा मालकासोबत नीट शोधून पाहावा, कारण काढून ठेवलेल्या पट्ट्या, काचा, दिवे आणि हँडल तिथेच कुठेतरी असतात. बीटलचा हरवलेला भाग मागवला की येतो. गियाच्या नाकावरची ती लहान जाळी मात्र गंजलेली, वाकलेली, कशीही सापडली तरी कागदात गुंडाळून खोक्यात सर्वात वर ठेवावी.