राजारामपुरीतील रुग्णालय: सोडियम का उतरले याचा नीट शोध घेणारा मेडिसिन विभाग

माझ्या सासूबाईंना मळमळ, तोल जाणे आणि असंबद्ध बोलणे सुरू झाल्याने या रुग्णालयात दाखल केले, तेव्हा त्यांच्या रक्तातील सोडियम 118 (mEq/L) होते. ते 135 ते 145 असायला हवे. ताकात जास्त मीठ घालून द्या, असा सल्ला एव्हाना घरी मिळालाच होता. येथील डॉक्टरांनी मात्र शांतपणे समजावले की, बहुतेक वेळा मिठाच्या मानाने शरीरात पाणी जास्त झालेले असते आणि ते का साठले हे न पाहता साधे सलाइन चढवत राहिल्यास काही आजारांत सोडियम आणखी उतरते.

त्यांनी जीभ पाहिली, नडगी अंगठ्याने दाबून सूज तपासली आणि "आजी, उलट्या किती झाल्या, पाणी किती पीत होता?" असे विचारले. मग गोळ्यांची पिशवी मागून रक्तदाबाच्या गोळीची स्ट्रिप उलटी केली. मागच्या बारीक अक्षरांत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध होते. वृद्ध स्त्रियांमध्ये सोडियम उतरण्याचे हे नेहमीचे कारण आहे, तरीही संशयावर न थांबता त्यांनी रक्ताची व लघवीची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे त्यात विरघळलेल्या घटकांची दाटी), लघवीतील सोडियम, साखर, थायरॉइड आणि सकाळचे कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे संप्रेरक) तपासले. लघवीचा नमुना सलाइन सुरू होण्यापूर्वीच घेतला, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण नंतर घेतलेल्या नमुन्यावरून कारणाचा अंदाज चुकू शकतो. रक्ताची ऑस्मोलॅलिटी 248, तर लघवीची 410 आली. म्हणजे रक्त पातळ असूनही मूत्रपिंडे पाणी धरून ठेवत होती. थायरॉइड व कॉर्टिसोल व्यवस्थित निघाले आणि ती गोळी बंद झाली.

3 टक्के सलाइन, म्हणजे साध्यापेक्षा जास्त मिठाचे, अगदी मोजून दिले. सोडियम 24 तासांत 8 ते 10 पेक्षा जास्त वाढल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि अशी गोळी बंद केल्यावर लघवी एकदम वाढून ते झपाट्याने चढण्याचा धोका असतो. म्हणून सिस्टर रात्रभर लघवी मोजून तक्त्यावर लिहीत होत्या.

ऑस्मोलॅलिटीचा नमुना बाहेरच्या लॅबला जात असल्याने रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, ही उणीव दूर व्हायला हवी. दर काही तासांनी सोडियम तपासण्याचा खर्चही बराच होतो. तो आवश्यकच असतो, पण त्याची कल्पना बिलिंग काउंटरने नातेवाइकांना आधी द्यावी. डिस्चार्ज कार्डावर टाळायच्या औषधाचे नाव आणि आठवड्याने सोडियम पुन्हा तपासण्याची सूचना मराठीत लिहून दिली आहे.