"दोन सीझन टिकणारं झिंक" घेऊ नका, आमचा गिअरबॉक्स गेला त्याची हकीगत

रत्नागिरी, हर्णै, देवगड, मालवण, कुठल्याही बंदरात ज्यांची इनबोर्ड इंजिनवाली बोट आहे त्यांनी हे नीट वाचा आणि आपल्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, पण वाचून दाखवा. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे जून-जुलैमध्ये बोटी वर काढलेल्या असतात तेव्हा काही लोक बंदराबंदरात फिरून इंजिनाची झिंक, म्हणजे बाकीचे धातू वाचवायला आत बसवतात ते जस्ताचे तुकडे, बदलून देतो म्हणतात, आणि बोलायची एकच गोष्ट असते, आमचं झिंक दोन सीझन टिकतं, कंपनीचं एका सीझनला संपतं. वर भाव पण जवळपास अर्धा. ऐकायला कोणालाही बरंच वाटणार, पण ह्या एका वाक्यातच सगळी फसवणूक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिन थंड करायला आपण समुद्राचं पाणी आत घेतो, ते हीट एक्सचेंजर, ऑइल कूलर, गिअरबॉक्सचा कूलर असं फिरून बाहेर पडतं. आता ह्या वाटेवर बीड, पितळ, तांबं-निकेलच्या नळ्या असे वेगवेगळे धातू एकमेकाला चिकटून बसलेत आणि मधून खारं पाणी वाहतंय, त्यामुळे करंट तयार होतो आणि जो धातू कमजोर तो विरघळत जातो. म्हणून मुद्दाम सगळ्यात कमजोर धातू, जस्त, तिथे ठेवायचं म्हणजे खारं पाणी आधी त्याला खातं आणि बाकीचं वाचतं. नवीन शोध नाही हा, १८२४ साली हम्फ्री डेव्ही ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने जहाजाच्या तळाचा तांब्याचा पत्रा असाच जस्त आणि लोखंड लावून वाचवून दाखवला होता. म्हणजे झिंक झिजलंच पाहिजे, त्याचं काम तेच आहे. न झिजणारं झिंक म्हणजे त्याच्या जागी दुसरं काहीतरी झिजतंय.

आमची बोट काकांची, चालवतो माझा चुलत दादा. बंदीत एक मिस्त्री आला, बोलायला गोड, हातात पिशवीभर पेन्सिल झिंक, म्हणजे पितळेच्या प्लगला लावून आत सोडायचे जस्ताचे रॉड, चकचकीत. म्हणाला, "शेट, सहाच्या सहा प्लग बदलून देतो, दोन वर्षं प्लगला हात लावायचा नाय, गॅरंटी माझी." हीट एक्सचेंजर, इंजिन ऑइलचा कूलर, गिअरबॉक्सचा कूलर सगळ्याचं काम केलं असं सांगून कच्च्या चिठ्ठीवर सहा झिंक आणि मजुरी लिहून पैसे घेऊन गेला. नारळी पौर्णिमेनंतर बोट चालू झाली, धंदा पण चांगला होता, आणि मग दादाच्या लक्षात आलं की गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय पण खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, गळती कुठेच नाही. कूलिंगचं पाणी बाहेर पडतं तिथे मात्र पाण्यावर तेलाचा तवंग. त्यानंतर एका सकाळी डिपस्टिक काढली तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं, आणि त्याच फेरीत गिअर स्लिप व्हायला लागला. दुसऱ्या बोटीने ओढत आणावं लागलं, भर सीझनमध्ये, खलाशांचे पगार चालू, बर्फ-डिझेल भरलेलं.

हे असं का होतं ते समजून घ्या कारण लवकर ओळखता आलं तर गिअरबॉक्स वाचतो. कूलरच्या नळीला बारीक भोक पडलं की इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं म्हणून ऑइल समुद्रात जातं, आणि इंजिन बंद केलं की प्रेशर संपतं आणि कूलर पाण्याच्या पातळीखाली असेल तर खारं पाणी उलट ऑइलमध्ये शिरतं. म्हणून आधी ऑइल घटतं आणि नंतर पांढरं होतं. घटायला लागलं तेव्हाच थांबायचं, वर टाकत राहायचं नाही.

इंजिन खोललं तेव्हा बंदरावरचे एक जुने फिटर काका आले होते, आयुष्यभर जहाजांवर काम केलेले. त्यांनी गिअरबॉक्सच्या कूलरचा प्लग काढला आणि आत झिंकच नव्हतं! रिकामा पितळेचा प्लग, आट्यांवर जाड टेफ्लॉन टेप गुंडाळून घट्ट बसवलेला. झिजून संपलं असेल असं आम्ही म्हटलं तर काकांनी दाखवलं, प्लगच्या आतल्या ज्या आट्यांत झिंकचा रॉड बसतो त्या कोऱ्या होत्या, झिंक संपलं तर त्या आट्यांत तुकडा अडकलेला राहतो. सहापैकी दोन प्लग असे रिकामे. बाकी चार ठिकाणी झिंक होतं आणि ते जवळपास जसंच्या तसं, पूर्ण लांबी, पूर्ण जाडी, वर फक्त एक कडक राखाडी कवच. मिस्त्रीला विचारलं असतं तर म्हणाला असता बघा, सांगितलं होतं ना टिकतं. काका म्हणाले, "अरे हा खाल्ला गेलाच नाय. जो खात नाय तो कशाला ठेवायचा?" खरं झिंक काही महिन्यांनी ओबडधोबड, खड्डे पडलेलं, बोटाने घासलं तर भुकटी निघेल असं दिसतं.

मग दादाने हट्टाने त्यातला एक तुकडा कोल्हापूरला नेला, शिरोलीकडे फाउंड्र्या आहेत त्यामुळे धातू तपासून देणारे मिळतात, जस्त तपासणारा जरा शोधावा लागला. त्यात लोखंड मर्यादेच्या कितीतरी पट निघालं. समुद्रासाठीच्या झिंकचं जे अमेरिकन लष्करी स्टँडर्ड जगभर वापरतात त्यात लोखंड जास्तीत जास्त ०.००५ टक्के चालतं, आणि थोडं अ‍ॅल्युमिनियम, थोडं कॅडमियम मुद्दाम घातलेलं असतं. लोखंड त्याहून वाढलं की जस्तावर ते कवच धरतं आणि करंट बंद पडतो. पत्रे-पाइप गॅल्व्हनाइझ करतात त्या कढईच्या तळाला जो गाळ बसतो त्यात लोखंड भरपूर असतं आणि तो भंगारात स्वस्त मिळतो, असा माल वितळवून रॉड ओतला की दिसायला अगदी अस्सल. आमच्या तुकड्यात नक्की काय वितळवलं होतं ते मी छातीठोक सांगणार नाही, पण समुद्रात चालणारं झिंक ते नव्हतं एवढं कागदावर आलंय.

वजन करून हे पकडता येत नाही, लक्षात ठेवा. शिसं कोणी झिंक म्हणून दिलं तर वजनाला कळेल कारण जस्त पाण्याच्या साधारण ७.१ पट जड आणि शिसं ११.३ पट, शिवाय शिसं मऊ असतं, कागदावर ओढलं तर रेघ उठते. अशुद्ध जस्ताचं वजन मात्र शुद्धासारखंच. त्यासाठी फिटर काकांनी शिकवलेली पद्धत अशी, बादलीत समुद्राचं पाणी, त्यात घासून साफ केलेला लोखंडाचा तुकडा आणि झिंक एकमेकाला न लागता सोडायचं, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून दोघांना लावायचा. चांगलं झिंक साधारण ०.४ व्होल्टच्या आसपास दाखवतं. पण नवीन पृष्ठभागावर खोटं झिंकसुद्धा सुरुवातीला बरा आकडा दाखवू शकतं, म्हणून दोन्ही तुकडे वायरने जोडून बादलीत काही दिवस तसेच ठेवायचे, मग वायर सोडून परत मोजायचं. लोखंडावर गंज चढत असेल आणि झिंक चकचकीत राहिलं किंवा कवच धरलं तर घेऊ नका. आणि सगळ्यात सोपं म्हणजे दुकानदाराकडे त्या बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यात लोखंडाचा आकडा बघा. चांगला दुकानदार देतो.

तो माणूस काही जणांना मॅग्नेशियमचा रॉड पण "जास्त पॉवरफुल" म्हणून विकत होता. मॅग्नेशियम गोड्या पाण्यासाठी असतं, खाऱ्या पाण्यात ते भराभर संपतं, आणि लाकडी बोटीच्या तळाला बाहेरून लावलं तर गरजेपेक्षा जास्त करंटमुळे आजूबाजूचं लाकूडच मऊ पडतं. आपल्याकडे लाकडी बोटी अजून किती आहेत बघा, त्यामुळे हे फार वाईट आहे. जे खाडीत आत बोट बांधतात, म्हणजे भाट्याला काजळी नदीचं पाणी पावसात जवळजवळ गोडं होतं तसं, तिथे झिंकवर पण कवच धरतं, त्यांनी अ‍ॅनोडसाठी, म्हणजे झिंकसारखं झिजण्याच्या कामासाठीच, बनवलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा विचार करावा, ते खाऱ्या आणि मचूळ दोन्ही पाण्यात चालतं. साधा अ‍ॅल्युमिनियमचा रॉड कापून नाही हां, तो चालत नाही.

बसवताना पण बघत उभे राहा. प्लग उघडून आत झिंक आहे हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय फिट करू द्यायचं नाही. आट्यांवर टेप किंवा डिंक नको, कारण झिंक आणि कूलरचा धातू ह्यांचा विजेचा संपर्क त्या आट्यांतूनच होतो. रॉड फार लांब असेल तर समोर नळ्यांना टेकतो, तो कापून घ्यायचा. झिंकला रंग कधीच लावायचा नाही. महिन्याने एकदा काढून बघायचं, अर्धं झिजलं की बदलायचं, कारण अगदी बारीक झालं की तुटून आत पडतं आणि नळ्या चोंदतात. उलट खरं झिंक काही आठवड्यांतच संपत असेल तर बॅटरीच्या वायरिंगमधून करंट लीक होतोय का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा.

मिस्त्रीला फोन केला तर आधी म्हणाला यंदा पाणीच खराब आहे, मग म्हणाला तुमच्या खलाशांनीच झिंक काढून विकलं असेल, मग फोन उचलणं बंद. खलाशांवर आळ घेतला ह्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, बोट ओढत आणली त्या रात्री ती पोरं हाताने पाणी उपसत होती. आमच्याकडे पक्कं बिल नाही, फक्त कच्ची चिठ्ठी, ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद आणि लॅबचा कागद. तरी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय. बोट धंद्याची आहे म्हणून ग्राहक कायदा लागू नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, २०१९ च्या कायद्यात स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी कारणात धरत नाहीत, आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे.

ज्यांनी यंदा बंदीत कोणाकडून तरी असंच जास्त टिकणारं झिंक बसवून घेतलंय त्यांनी पुढच्या वेळी बर्फ भरायला जेटीला लागाल तेव्हाच तपासा. इंजिन थंड होऊ द्या, सी कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत येतं तो कॉक, बंद करा, आणि गिअरबॉक्सच्या कूलरचा प्लग सगळ्यात आधी खोला.