12 व्होल्टचं मोटर स्पीड बोर्ड: कुलरवर अख्खा उन्हाळा चालवल्यावर

बोर्ड घेण्यासारखं आहे, पण त्यावर छापलेले 10 अँपिअर खरे धरू नका.

आमचं गाव आर्वी तालुक्यात. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो अन् लाइट नेमकी दुपारीच जाते. म्हणून पत्र्याच्या कुलरला सोलरच्या बॅटरीवर चालणारी 12 व्होल्टची डीसी मोटर बसवली अन् मार्चपासून हे बोर्ड लावलं. फुल स्पीडला मोटर 5 अँपिअर घेते.

नॉब फुल असला की ट्रान्झिस्टर नुसता कोमट. अर्ध्यावर आणला की बोट टेकवत नाही! करंट कमी अन् चटका जास्त, हे काही केल्या पटेना.

बोर्डावरचा हा ट्रान्झिस्टर म्हणजे आयआरएफझेड44एन मॉस्फेट, करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, 10 व्होल्ट मिळाले की त्याचा रोध जेमतेम 17.5 मिलिओहम, म्हणजे 5 अँपिअरला अर्धा वॉटही जळत नाही. बंद असताना करंटच नाही. जळतं ते मधल्या क्षणी, जेव्हा तो धड चालू नसतो अन् धड बंदही नसतो. तेव्हा व्होल्टेज अन् करंट दोन्ही त्याच्याच अंगावर. पीडब्ल्यूएममध्ये, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करून वेग कमी करण्याच्या पद्धतीत, हे सेकंदाला हजारो वेळा होतं. फुल स्पीडला ही उघडझाप जवळपास नसतेच.

इथं गेटला 1 किलोओहमचा रेझिस्टर होता, त्यामुळे गेट भरायला अन् रिकामं व्हायला वेळ लागायचा अन् तो मधला क्षण लांबायचा. तिथं 100 ओहमचा लावला, लगेच फरक पडला. मोटरवरचा डायोडही (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) वन एन 4007, घरच्या 50 हर्ट्झच्या लाइटसाठी बनलेला अन् तोही 1 अँपिअरचा. इतक्या वेगात तो वेळेवर बंदच होत नाही, अन् तो ताण मॉस्फेटवर येतो. 10 अँपिअरचा शॉटकी, म्हणजे झटकन बंद होणारा डायोड, टाकला.

गावातल्या रिपेअरवाल्या भाऊनं मॉस्फेटच्या जागी टीआयपी122 ट्रान्झिस्टर टाकून पाहा म्हटलं. नको रे बाप्पा! त्यावर 3 अँपिअरलाच 2 व्होल्टपर्यंत पडतात, म्हणजे 6 वॉटची शेगडी.

हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावाच, पण मॉस्फेटची धातूची पाठ ड्रेनला, म्हणजे करंट वाहणाऱ्या पायाला, जोडलेली असते. पत्र्याच्या कुलरवर थेट कसू नका, मधे अभ्रकाची चकती अन् स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश हवं.

एवढं केल्यावर जूनपर्यंत एकदाही जळलं नाही. आता तेच बोर्ड कपाशीच्या फवारणी पंपावर आहे. तिथं करंट निम्माच, हीटसिंक काढून ठेवली तरी चालतं.