नाव नवं, औषध जुनंच: जंताचा डबा घेण्याआधी वाचा

पावसाळा लागला की चिकोडी, निपाणी, अथणीच्या पट्ट्यात मोटारसायकलला जंताच्या औषधाचे डबे बांधून औषधवाले थेट मेंढरांच्या खांडापर्यंत (कळपापर्यंत) येतात. बोली ठरलेली: "दवाखान्याचं औषध आता लागू पडत नाही मामा, हे नवीन निघालंय." जुनं औषध बऱ्याच खांडांत खरंच लागू पडत नाही, म्हणून तर बोलणं पटतं. पण डबा फिरवून मागची बारीक इंग्रजी अक्षरं शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. घटक तोच, अल्बेंडाझोल! असे डबे घेऊन ऐन श्रावणात मेंढरं घालवून बसलेली माणसं आपल्या भागात आहेत.

खात्री पटवायची युक्ती तर भारीच. दोन-चार मेंढरांना पाजायचं आणि दुसऱ्या दिवशी लेंड्यांत पडलेल्या पांढऱ्या चपट्या फिती दाखवायच्या. त्या पट्टकृमीच्या. मोठ्या मेंढराला त्यांचा फारसा त्रास नसतो. रक्त पिणारा जंत, हिमोंकस, चौथ्या पोटाला चिकटलेला असतो. लेंडीत त्याची फक्त अंडी येतात आणि ती सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. इकडे मालक निर्धास्त, तिकडे मेंढराची आतली पापणी पांढरी पडते, जबड्याखाली पाणी साठतं. हगवणही लागत नाही, त्यामुळे जंताचा संशयच येत नाही.

फेनबेंडाझोल घेऊनही उपयोग नाही, ते त्याच गटातलं. लेव्हामिसोल, आयव्हरमेक्टिन, क्लोझँटेल यांचे गट वेगळे, पण यातलं काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच. लेव्हामिसोल जास्त झालं तर विषबाधा होते.

मात्रेतही गंडवतात. "सगळ्यांना ५ मिली" म्हणजे एक डबा जास्त मेंढरांना पुरतो. अल्बेंडाझोलच्या २.५ टक्के औषधाच्या एका मिलीत २५ मिलिग्रॅम असतं. वजनाच्या किलोला ५ मिलिग्रॅम धरलं तरी ४० किलोच्या मेंढराला ८ मिली हवं. कमी मात्रेतून तगलेल्या जंतांचीच पुढे पैदास होते. डबा हलवला नाही तर वरचं पाणचट आधीच्यांना आणि तळचा गाळ शेवटच्यांना जातो.

औषध चालतं का, हे लेंडीच सांगते. पाजण्याआधी १०-१५ मेंढरांची लेंडी जमिनीवरून न उचलता थेट गुदद्वारातून काढा. प्रत्येकीची वेगळ्या पिशवीत, हवा दाबून बाहेर काढून, थंड ठेवून त्याच दिवशी तपासणीला द्या. उन्हात राहिली तर अंडी फुटतात आणि आकडा खोटा येतो. पाजल्यावर १४ दिवसांनी त्याच मेंढरांची पुन्हा द्या. ग्रॅमला सरासरी १००० अंडी होती तर ५० च्या खाली यायला हवीत. ४०० राहिली तर तो घटक तुमच्या खांडात संपला, डब्यावर नाव कुठलंही असो.

पक्कं बिल आणि त्यावर बॅच नंबर मागा. बहुतेक डबेवाले तिथूनच काढता पाय घेतात. आधीच घेतला असेल तर उरलेलं औषध डब्यासकट जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या औषध निरीक्षकांकडे लेखी तक्रार द्या. जनावरांची औषधंही १९४० च्या औषध कायद्यातच येतात.