माहितीपटातली मुलाखत: कॉलर माइक की बूम?

एकट्याने शूटिंग करणार असाल, तर आधी कॉलर माइकच घ्या. हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावला की माणूस मान वळवो, चालो, आवाज जवळपास सारखा येतो. खोड एकच, कपड्याची खसखस. रेशमी किंवा कडक खळ दिलेली साडी असेल तर पदर, मंगळसूत्र माइकवर घासतं, आणि तो आवाज एडिटिंगमध्ये नीट निघत नाही. म्हणून वायरचा छोटा वळसा करून आतून टेपने चिकटवा. वायरलेस असेल तर ट्रान्समीटर (बोलणाऱ्याच्या अंगावरची सिग्नल पाठवणारी डबी) अंगाच्या कॅमेऱ्याकडच्या बाजूला लावा; मध्ये अंग आलं की सिग्नल तुटतो.

बूमवरच्या (लांब दांड्यावरच्या) शॉटगनचा, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज पकडणाऱ्या लांबट माइकचा आवाज जास्त नैसर्गिक, पण धरायला दुसरा माणूस नाहीतर स्टँड हवा. तोंडापासून दीड-दोन फुटांवर, फ्रेमच्या जरा वर, छातीच्या दिशेने रोखलेला. कॅमेऱ्यावर बसवून सहा फुटांवरून वापरला तर पैसे पाण्यात. फरशीच्या रिकाम्या खोलीत तो घुमतो; सतरंजी अंथरा, पडदे ओढा.

माइक कोणताही असो, पंखा बंद, बोलण्याची शिखरं (सर्वात मोठे आवाज) रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि शेवटी खोलीची ३० सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. कट जोडताना तीच लागते.