शिक्का खरा होता

बेळगाव, खानापूर, चंदगड भागात झाडं छाटायची, काढायची कामं घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. दोन वर्षं मनात ठेवलं होतं, कारण फसलो म्हणून सांगायला लाज वाटते. गेल्या महिन्यात आमच्याच धंद्यातला एक पोरगा तशाच कागदावर काम घ्यायला निघाला होता, म्हणून आता लिहून टाकतो.

सोळा-सतरा वर्षं माझा हाच धंदा. घरावर आलेल्या फांद्या उतरवायच्या, वाळलेलं झाड तुकड्या-तुकड्यानं खाली आणायचं, नारळ साफ करायचे. हाताखाली तीन पोरं, दोर, कोयते आणि झाड कापायची दोन मशीन होती. आमचा हंगाम एप्रिल-मे. वळवाचा पहिला तडाखा बसला की टिळकवाडी, हिंदवाडी, कॅम्प भागातली जुनी झाडं फांद्या टाकतात आणि आमचा फोन थांबत नाही. त्या घाईत माणूस कुठल्याही कामाला हो म्हणतो.

अशाच घाईत एका माणसाचा फोन आला. खानापूर रोडच्या आतल्या बाजूला एका गावात वडिलार्जित बाग आहे, घर बांधायचंय, झाडं काढायचीत. बोलणं अगदी आपल्यातलं. "मामा, कवा येतासा सांगा, मी गाडी घेऊन येतो न्यायला." दुसऱ्या दिवशी आलाही. पाच साग, दोन रायवळ आंबे, एक फणस. सागांचा छातीच्या उंचीवरचा घेर चार फुटांच्या पुढं. मी मजुरी बेचाळीस हजार सांगितली, पस्तीसवर उतरायची तयारी ठेवून. तो म्हणाला, "चालतंय की."

इथंच माझं डोकं ठिकाणावर हवं होतं. खरा मालक घासाघीस करतो, आणि खरा मालक कटकट करतो. आमच्या आज्यानं लावलेला आंबा आहे, तेवढी एक फांदी ठेवा. गोठ्याची कौलं फुटतील, दोर नीट बांधा. बुंध्याचं काय करणार, मुळं कोण काढणार? झाड पडताना त्याच्या घरची बाई तरी बाहेर येऊन बघते. ह्या माणसानं विहिरीच्या कठड्याबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि विहीर तर फणसाला लागूनच होती. विचारलं ते एवढंच : ओंडके सात-सात फुटांचे पडतील का?

तरी मी परवानगीचं विचारलं. इतकी वर्षं कामं करून एवढं कळतं. कर्नाटकात १९७६ चा झाडं जपायचा कायदा आहे. स्वतःच्या जागेतलं झाड असलं तरी ते तोडायला वनखात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. निलगिरी, सुरू, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, नारळ अशी काही झाडं त्यातून मोकळी आहेत, पण साग आणि फणस त्यात नाहीत. त्यानं लगेच खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला कागद काढला. कन्नडात टाइप केलेला, खाली गोल शिक्का, त्यावर निळ्या शाईची सही, तारीख.

आता खरं दुखणं सांगतो. मी कन्नड बोलतो. बाजारात, मजुरांशी, आडत्याशी दिवसभर बोलतो. पण शाळा मराठी माध्यमाची, आणि कन्नड वाचायचं म्हणजे बसची पाटी आणि दुकानाचा बोर्ड, त्याच्या पुढं गाडी अडखळते. हे त्या माणसाला ठाऊक असणार. माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचं हेच आहे, आणि परक्यासमोर ते कबूल करायला जीभ वळत नाही. मी कागद हातात घेऊन वाचल्यासारखा बघितला. मग पोरांपैकी एकाला, जो कन्नड शाळेत सातवीपर्यंत गेला होता, सहज विचारल्यासारखं म्हटलं, "काय लिवलंय रे वर?"

त्यानं मोठ्यानं वाचलं, "स्वीकृती पत्र."

मी म्हटलं, झालं तर मग. अर्ज स्वीकारला, म्हणजे मंजूर.

कन्नड सरकारी कागदात 'स्वीकृती पत्र' म्हणजे पोच. तुमचा अर्ज आमच्याकडं आला, एवढंच. परवानगीला 'अनुमती' म्हणतात. आपल्या कानाला स्वीकृती हा शब्द मंजुरीसारखा लागतो, आणि त्या माणसानं त्याचाच फायदा घेतला. कागद बनावट असता तर कदाचित मला संशय आला असता. पण शिक्का खरा होता, सही खरी होती, तारीखही खरी. अर्ज कुणीही देऊ शकतो, आणि टेबलावरचा माणूस पोचेवर शिक्का मारून देतो, त्यात त्याची काही चूक नाही. नंतर नीट वाचून घेतल्यावर कळलं की अर्जात दोन आंब्यांच्या फांद्या छाटायची परवानगी मागितली होती. सागाला कन्नडात 'तेग' म्हणतात. तो शब्द त्या कागदावर कुठंच नव्हता.

त्यानं सहा हजार रोख आगाऊ दिले. काम शनिवारी सुरू करायचं ठरलं, कारण म्हणे त्याला नोकरीतून सुट्टी तेव्हाच. सुट्टीच्या शनिवार-रविवारी कार्यालयात कुणी फोन उचलणार नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शेजाऱ्यांशी बोलू नका, भावकीचं भांडण आहे, उगाच फाटे फुटतील, असंही सांगितलं. भावकी आपल्याकडं कुठं नाही? मला तेही पटलं.

दोन दिवस आम्ही मन लावून काम केलं. ह्याचंच जास्त वाईट वाटतं. विहिरीवरची फणसाची फांदी दोराला टांगून, आधी खालून काप घेऊन मग वरून कापली, साल फाटू दिली नाही. नंतर पुरा फणसच काढायचा होता, तरी सवयीनं. रविवारी संध्याकाळपर्यंत पाचही साग आडवे झाले. अंधार पडल्यावर टेम्पो आला, दोन फेऱ्यांत सगळे ओंडके घेऊन गेला. फणस आणि आंब्याचं लाकूड तिथंच. मी म्हटलं, सागाला वाहतुकीचा पास लागतो, तो काढलाय का? "ते वखारवाला बघतोय." राहिलेले छत्तीस हजार सकाळी येऊन देतो म्हणाला.

सोमवारी सकाळी आम्ही फांद्या आवरत होतो. वळीव होऊन गेल्यामुळं सागाला कोवळी पालवी फुटली होती. ती चुरगाळली की लाल रंग निघतो, लहानपणी सगळ्यांनी हात रंगवलेत. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोन वनरक्षक आणि त्यांच्यामागं शेजारचे एक म्हातारे गृहस्थ आले. रक्षकानं विचारलं, साग कुणी तोडले? कुणी बोलायच्या आधी त्यानं पोरांच्या हातांकडं बघितलं. तळवे लालभडक. रंगेहाथ सापडणं म्हणतात ते मी असं बघितलं.

बाग एका आजींची निघाली. त्या पुण्याला लेकाकडं असतात. शेजारच्या म्हाताऱ्यांनी शनिवारीच त्यांना फोन लावला होता, पण तो सोमवारी सकाळी लागला. मला म्हणाले, "तुम्ही एकदा कुंपणापाशी येऊन विचारला असता तर मी सांगितलो असतो की." त्यांचं घर तीस पावलांवर होतं.

मग पंचनामा, एक मशीन, दोर, कोयते जप्त. त्या माणसाचा नंबर बंद, तो कुणा तिसऱ्याच्याच नावावरचा. पोलिसांत तक्रार दिली. मी दोषी नाही असं मी म्हणत नाही. झाड माझ्याच हातानं पडलं, त्याचा दंड भरला. आकडा इथं लिहीत नाही, कारण बायकोला अजून पुरता ठाऊक नाही. पोरांची तीन दिवसांची मजुरी, प्रत्येकी रोज नऊशे, म्हणजे आठ हजार शंभर, ती त्याच आठवड्यात दिली. पोरं काही खायची थांबत नाहीत.

त्यातल्या त्यात वाचवलं ते फोननं. तो लिहून काहीच पाठवायचा नाही, नुसता कॉल करायचा. पण पहिल्या दिवशी बागेचं लोकेशन त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं, आणि मी सवयीनं खाली टाकलं होतं : "८ झाडं, मजुरी ४२,०००, शनिवारी सकाळी ७ ला येतो." त्यावर त्याचा अंगठा. मी चोर नव्हे, मजुरीवर आलेला माणूस आहे, हे दाखवायला तेवढाच पुरावा होता.

आता मी काय करतो ते सांगतो. कागदाचा फोटो आधी मागतो. फोटो हातात असला की फोनवरच्या भाषांतराच्या सोयीनं तो मराठीत वाचता येतो, आणि शंका असली तर गल्लीतल्या शिक्षकांकडं जातो. 'अनुमती' शब्द हवा, सर्व्हे नंबर हवा, झाडाचं नाव आणि किती झाडं तो आकडा हवा. शेतजमीन असेल तर तोच सर्व्हे नंबर टाकून कर्नाटकाच्या 'भूमी' साइटवर उतारा बघतो, आपण ज्याला आरटीसी म्हणतो तो. नाव कुणाचं आहे ते दोन मिनिटांत कळतं. उताऱ्यावर चार नावं आली तर चौघांशी बोलल्याशिवाय कोयता काढत नाही. चिडतात लोक. चिडू देत.

चंदगडच्या बाजूनं काम करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. हद्द ओलांडली की कायदा बदलतो. महाराष्ट्रात गावाकडं १९६४ चा झाडतोडीचा कायदा लागतो, कागद मराठीत असतो आणि परवानगी देणारं कार्यालय वेगळं. महाराष्ट्रातल्या शिनोळीकडचा कागद दाखवून अलीकडच्या, कर्नाटकाच्या बाजूचं झाड पाडायला सांगणारेही भेटलेत मला. लोक म्हणतात, काय फरक पडतो, माणसं तीच, भाषा तीच. वनरक्षकाला पडतो.

पैशाचं म्हणाल तर निम्मी मजुरी काम सुरू व्हायच्या आधी, आणि लाकूड जागेवरून हलायच्या आधी बाकी सगळी. लाकूड कुणाचं, ते चॅटवर लिहून घेतो. "मजुरी नको, लाकूड न्या" असं कुणी म्हणालं तर सागाच्या बाबतीत सरळ नाही म्हणतो. पास नसलेला ओंडका ज्याच्या गाडीत सापडतो, जाब त्यालाच द्यावा लागतो. आणि काम सुरू करायच्या आधी आजूबाजूच्या दोन घरांत पाणी मागायला जातो. पाण्याबरोबर माहिती आपोआप येते.

आजींना भेटायला मी पुण्याला गेलो होतो. शिव्या खायच्या तयारीनं. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं, आणि एवढंच म्हणाल्या की साग काय, विकायलाच लावले होते, पण फणस 'कापा' जातीचा होता, घट्ट गऱ्यांचा, तसा फणस त्या गावात दुसरा नाही. येताना मी पुन्हा बागेकडं वळलो. फणसाच्या बुंध्याला पाच-सहा धुमारे फुटले होते. दोन जोमाचे ठेवून बाकीचे काढले, गुरं खाऊ नयेत म्हणून काट्या लावल्या. पावसाळ्यात दोनदा जाऊन बघून येतो.

मशीन अजून जप्तीतच आहे. सुटायचा अर्ज दिलाय. त्याची पोच माझ्याकडं आहे, गोल शिक्क्याची. वर लिहिलंय 'स्वीकृती पत्र'.