डिश घ्यायची की केबल? आधी खिडकीतून आकाश बघा

आमच्या घरात टीव्ही आईचा आहे, बाकी आम्ही सगळे मोबाईलवाले. तिचं वय 74. संध्याकाळी दिवाबत्ती झाली की खुर्ची ओढून बसते ती दहापर्यंत, जेवणाचं ताट पण तिथेच, आधी स्टार प्रवाह मग झी मराठी, जाहिरात लागली की एबीपी माझा. त्यामुळे टीव्ही बंद पडला की ती चिडत वगैरे नाही पण दर पाच मिनिटांनी "बघ ना गं, आलं का" विचारत राहते, आणि तिचं ते नुसतं निळ्या स्क्रीनकडे बघत बसणं मला खरंच बघवत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. आम्ही भांडुप पश्चिमेला राहतो, जुनी सात मजली बिल्डिंग, आमचा तिसरा मजला. आधी वर्षानुवर्षं केबल होती, 2019 ला डीटीएच (म्हणजे आपली स्वतःची डिश लावून थेट उपग्रहावरून टीव्ही) घेतलं, आणि 2023 च्या शेवटी परत केबलवर आलो, म्हणजे दोन्हीचा अनुभव नीट घेऊन झालाय.

पहिल्यांदा पैशाचं सांगून टाकते कारण सगळे तिथूनच सुरू करतात, आणि माझ्या मते तिथून सुरू करूच नये. 2019 च्या फेब्रुवारीत ट्रायचा (टीव्ही-फोनच्या कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) नवीन नियम लागू झाला तेव्हा किती गोंधळ होता आठवत असेल, त्याआधी केबलवाल्याला महिन्याचे ठरलेले पैसे दिले की सगळं दिसायचं, आणि मग एकदम 100 चॅनलचे 130 रुपये नेटवर्कचे (म्हणजे चॅनल आपल्या घरापर्यंत पोचवायचे), वर 18 टक्के जीएसटी म्हणजे 153 रुपये 40 पैसे, आणि झी, स्टार, सोनी सगळ्यांचे पैसे वेगळे. आमच्याकडे झेरॉक्स काढलेला कागद आला होता, त्यावर टिक करून द्यायची, आईला चष्मा लावूनही ती अक्षरं दिसत नव्हती. 2020 च्या नियमात त्याच 130 मधे 200 चॅनल मिळायला लागले, दुसऱ्या टीव्हीला नेटवर्कचे जास्तीत जास्त 40 टक्केच घ्यायचे असं पण ठरलं, ते बरं झालं. पण जुलै 2024 मधे ट्रायने नेटवर्क चार्जवरची मर्यादाच काढून टाकली, आता कंपनी तो स्वतः ठरवते. म्हणून कोणीही "एवढ्यात एवढे चॅनल" सांगितलं की एकच विचारायचं, यात नेटवर्कचे किती, जीएसटी धरून सांगताय का, आणि दुसऱ्या टीव्हीचे किती.

चॅनलची किंमत मात्र चॅनलवालेच ठरवतात आणि ती डिशला आणि केबलला सारखीच असते. फरक पडतो तो नेटवर्क चार्जमधे आणि पॅक कसे बांधलेत त्यात. आमचं डीटीएचला महिन्याला 370-380 जायचे, आता केबलला 350 जातात, चॅनल जवळपास तेच. वीस-तीस रुपयांसाठी इकडचं तिकडे करण्यात काही अर्थ नाही, खरंच.

आता मुद्द्याचं.

मुंबईत डिश घ्यायची तर आधी आपल्या खिडकीतून कुठलं आकाश दिसतं ते बघा. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, ना दुकानदाराने ना कंपनीच्या माणसाने. डिश ज्या उपग्रहाकडे बघते तो विषुववृत्ताच्या वर साधारण 36 हजार किलोमीटरवर एका जागी उभा असल्यासारखा असतो, आणि आपल्याकडच्या डीटीएचचे उपग्रह सगळे मुंबईच्या पूर्वेला आहेत, आपण 73 अंश रेखांशावर आणि ते कोणाचे 83 वर, कोणाचे 95 च्या आसपास, कोणाचे पार 108 वर. म्हणजे डिशचं तोंड दक्षिण ते पूर्व याच्यामधे कुठेतरी पाहिजे. उपग्रह 83 ला असेल तर डिश बरीच वर आणि जास्त दक्षिणेकडे बघते, 108 चा असेल तर ती खाली झुकते आणि पूर्वेकडे वळते. ज्यांच्या घराला फक्त पश्चिमेच्या नाहीतर उत्तरेच्या खिडक्या आहेत त्यांना खिडकीत डिश लावून काहीच मिळणार नाही, गच्चीवरच लावावी लागणार, आणि गच्चीवर लावायची तर सोसायटीची परवानगी, वरून खालपर्यंत वायर, आणि पाण्याची टाकी धुवायला आलेल्याने डिशला धक्का मारला की परत माणूस बोलवा.

आमची डिश बेडरूमच्या ग्रिलला होती. चार वर्षं मस्त चालली, हे मी अगदी मनापासून सांगते, चित्र केबलपेक्षा स्वच्छ, क्रिकेटची मॅच एचडीवर बघताना भाऊ म्हणायचा बॉलची शिवण दिसते. चॅनल नंबर सारखे बदलायचे नाहीत, ते आईला फार सोयीचं होतं, तिने एका कागदावर मोठ्या अक्षरात सहा नंबर लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवले होते. मग बाजूच्या चाळीचं रिडेव्हलपमेंट सुरू झालं. आमच्या आणि त्या टॉवरच्या मधे जेमतेम तीस फूट. पाचवा स्लॅब झाला, सातवा झाला, काही नाही. नववा-दहावा झाला तेव्हा आधी चित्राचे चौकोन चौकोन व्हायला लागले, आवाज तुटायला लागला, आणि महिन्याभरात "सिग्नल नाही" ते कायमचंच.

कस्टमर केअरला फोन केला तर आधी बॉक्स बंद करून चालू करा, मग वायर काढून लावा, मग कार्ड काढून पुसा. सगळं केलं. माणूस पाचव्या दिवशी आला, पाच दिवस आईने टीव्हीशिवाय काढले, आणि व्हिजिटचे 250 वेगळे. पण आलेला मुलगा प्रामाणिक होता. त्याने मीटर लावला, डिश थोडी डावीकडे, थोडी वर करून बघितली, मग ग्रिलमधून मान बाहेर काढून वर टॉवरकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हा आता इथून जाणार नाही, तुमचं आकाशच गेलं." आमच्या समोरच्या काकूंची डिश मात्र अजून चालू आहे, कारण त्यांची कंपनी वेगळी, त्यांचा उपग्रह वेगळ्या बाजूला आणि तिकडे शाळेचं मैदान आहे. एकाच मजल्यावर एकाचं बंद आणि एकाचं चालू, याचं कारण इतकंच. म्हणून घेण्याआधी आजूबाजूला कुठे जुनी चाळ किंवा पत्र्याने घेरलेला प्लॉट आहे का बघा, आज मोकळं आहे म्हणून पाच वर्षांनी असेल असं भांडुपमधे तरी धरून चालू नका.

पावसाचं पण सांगते. डीटीएच ज्या लहरींवर येतं त्यांची लांबी अडीच सेंटीमीटरच्या आसपास, मोठ्या थेंबांचा जोराचा पाऊस त्यांना मधेच शोषून घेतो आणि पसरवतो. रिमझिम पाऊस असेल तर काही होत नाही, पण जुलैमधे समोरची बिल्डिंग दिसेनाशी होते तसा पाऊस लागला की दहा-वीस मिनिटं जातंच, आणि तो नेमका संध्याकाळी सातला लागतो. थांबला की आपोआप येतं, माणूस बोलवायची गरज नाही. हे आईला एकदा नीट समजावलं तेव्हापासून ती पावसात स्वतःच टीव्ही बंद करून चहा टाकायची.

आता केबलवाले म्हणतील आमच्याकडे हा प्रॉब्लेमच नाही, पण चॅनल त्यांच्याकडे पण उपग्रहावरूनच येतात, फक्त त्यांच्या मेन कंट्रोल रूमला मोठमोठ्या डिश असतात आणि बरेचसे चॅनल जास्त लांबीच्या लहरींवर घेतात, त्यामुळे पावसाचा त्रास कमी. केबलचा प्रॉब्लेम वेगळा आहे, वाटेतला. वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर, झाडातून, मधे कुठेतरी सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर, आणि तो ज्या बिल्डिंगच्या मीटरवर चालतो तिथली लाईट गेली की आपल्याकडे लाईट असून टीव्ही बंद. झाडांच्या फांद्या छाटायला महापालिकेची माणसं आली की एखादी वायर तुटलीच म्हणून समजा.

2018 मधे, तेव्हाच्या केबलवाल्याकडे, आमचं महिन्यातून तीन-चारदा जायचं आणि तो फोन उचलायचा नाही, पैसे घ्यायला मात्र पाच तारखेला हजर. तेव्हा वैतागूनच डिश घेतली होती. आता लाईन दुसऱ्याने घेतलीय आणि फरक जमीन-अस्मानाचा आहे. आत्ताच्या पावसात एकदा सगळे एचडी चॅनल गेले, साधे येत होते. साडेसहाला फोन केला, सव्वासातला मुलगा आला, आईला म्हणाला "मावशी, सिरियल चुकवणार नाही तुमची", थेट गच्चीवर गेला, मी पण छत्री घेऊन मागे गेले. पाईपला बांधलेल्या जॉइंटची टेप सोडली तर आतून पाणी निघालं, कनेक्टरमधली तांब्याची तार हिरवी पडलेली. त्याने वायर चार बोटं मागून कापली, वरचं प्लास्टिक सोललं, जाळी मागे दुमडली, नवीन कनेक्टर बसवला, वरून टेपचे घट्ट वेढे आणि वायरला खाली एक झोल ठेवला, म्हणाला पाणी झोलावरून ठिबकून जातं, जॉइंटमधे शिरत नाही. दहा मिनिटांचं काम, पैसे घेतले नाहीत. मी त्याच्या मालकाला फोन करून मुद्दाम सांगितलं की तुमचा माणूस चांगला आहे, कारण तक्रार करायला सगळे फोन करतात.

पण केबलमधे निवड आपल्या हातात नसते हे लक्षात ठेवा. आपल्या बिल्डिंगला ज्याची लाईन आहे तोच. वर मोठी कंपनी हॅथवे असो, डेन असो की आणखी कुठली, गच्चीवर चढणारा माणूस गल्लीतल्या ऑपरेटरचा असतो. त्यामुळे कंपनीचं नाव बघून ठरवू नका, खालच्या मजल्यावर जाऊन विचारा, गेल्या पावसात किती वेळा गेलं आणि किती वेळात माणूस आला. यापेक्षा चांगली माहिती कुठेच मिळणार नाही. डिशमधे उलट आहे, टाटा प्ले, एअरटेल, डिश टीव्ही, डीटूएच, सन डायरेक्ट, कोणाचंही घ्या (यातले डिश टीव्ही आणि डीटूएच 2018 पासून एकाच कंपनीचे आहेत, ते दोन वेगळे समजून तुलना करत बसू नका). फक्त एक, एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीला चालत नाही, त्यामुळे कंपनी बदलली की बॉक्सचे पैसे पुन्हा भरायचे.

डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची फुकट डिश, त्याबद्दल पण लोक विचारतात. ते 2004 पासून आहे, महिन्याचा एक पैसा नाही, डिश-बॉक्सचा एकदाच काय तो खर्च. सह्याद्री आहे, बातम्या आहेत, जुने पिक्चर आहेत. माझ्या मामाने घेतलंय आणि तो खूश आहे. आईच्या सगळ्या आवडत्या सिरियल त्यावर नाहीत म्हणून आमच्या कामाचं नाही. आणि त्याला पण दक्षिण-पूर्वेचं आकाश लागतंच.

नुसतं वायफाय घेऊन ॲपवर बघायचं, हे भाऊ सारखं सुचवतो. तरुण लोकांसाठी ठीक आहे. आईने महिनाभर करून बघितलं, ॲप उघडा, प्रोफाईल निवडा, मग शोधा, ती दोनदा चुकून लॉगआऊट झाली आणि मी ऑफिसमधे. तिला बटण दाबलं की लागलं असंच पाहिजे आणि तिचं काही चूक नाही. आता बॉक्सच्या रिमोटवर तिने चालू करायच्या बटणावर आणि आवाजाच्या बटणावर लाल टिकली लावलीय, काळोखात पण बोटाला कळते.

तर तुमच्या घराला दक्षिण-पूर्व मोकळी असेल, जवळ रिडेव्हलपमेंट नसेल, मॅच एचडीवर बघायच्या असतील तर बिनधास्त डिश घ्या, चित्राला तोड नाही. बहिणीला विरारला मी स्वतः डिशच घ्यायला लावली, तिच्या बाल्कनीसमोर सगळं मोकळं आहे. आणि घरात म्हातारं माणूस एकटं असेल आणि गल्लीतला केबलवाला फोन उचलणारा असेल तर केबल. आम्ही सध्या केबलच ठेवतोय. आतल्या खोलीत दुसरा टीव्ही लावायचाय, पाच तारखेला मुलगा पैसे घ्यायला आला की त्याचे नेटवर्कचे किती ते विचारणार आहे.